जागा कोणाची? बास्केटबॉलमधल्या धडकेचा निवाडा

३१ मे २०१८. एनबीएच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना, ओकलंडमध्ये. गोल्डन स्टेट वॉरिअर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स. चौथ्या क्वार्टरची ३६.४ सेकंदं उरलेली आणि क्लीव्हलंड दोन गुणांनी पुढे. वॉरिअर्सचा केव्हिन ड्युरंट बॉल घेऊन बास्केटकडे घुसला, मदतीला धावून आलेला लेब्रॉन जेम्स त्याच्या वाटेत उभा राहिला आणि दोघे आदळले. शिट्टी वाजली. आधी निर्णय झाला चार्जचा, म्हणजे फाउल ड्युरंटचा आणि बॉल क्लीव्हलंडचा. मग रेफरी रीप्ले पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी निर्णय फिरवला. आता तो ब्लॉक होता, म्हणजे फाउल जेम्सचा. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि १०४-१०४ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत वॉरिअर्सने सामना १२४-११४ असा जिंकला. जेम्सने त्या रात्री ५१ गुण केले होते.

क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी रेफरींच्या नावाने शिमगा केला, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. धडक एकच, रेफरीही तेच, मग निकाल उलटा कसा? नागपाड्याच्या किंवा डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर कधी चुरशीचा सामना पाहिला असेल, तर हा तंटा आपल्याला नवा नाही. बास्केटखाली दोघे आदळतात, एक जण पाठीवर घसरत जातो, अर्धे प्रेक्षक ‘चार्ज’ म्हणून ओरडतात आणि उरलेले अर्धे ‘ब्लॉक’ म्हणून. आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, अशी दोन्ही बाजूंची खात्री असते. गंमत अशी, की त्यांनी जे पाहिलेलं असतं ते बहुधा धडक झाल्यावरचं असतं, आणि निवाडा होतो तो धडकेच्या आधी काय घडलं त्यावर.

शिट्टी एक, फरक पाच गुणांचा

आधी हे भांडण इतकं का पेटतं ते पाहू. बॉल घेऊन येणारा खेळाडू बचावपटूच्या धडावर जाऊन आदळला आणि चूक त्याची ठरली, तर तो चार्ज. बचावपटूने नियमाबाहेर जाऊन त्याची वाट अडवली असेल, तर तो ब्लॉक. (हवेतला शॉट हाताने अडवतात तोही ब्लॉकच, पण तो पूर्णपणे कायदेशीर असतो आणि इथे त्याचा संबंध नाही.)

समजा, धडकेच्या क्षणी बॉल हातातच होता आणि मग तो बास्केटमध्ये गेला. ब्लॉक दिला तर ते दोन गुण धरले जातात आणि वर एक फ्री थ्रो मिळतो, म्हणजे तीन गुणांची संधी. चार्ज दिला तर बास्केट रद्द, फ्री थ्रो नाही, आणि बॉल समोरच्या संघाकडे. त्यांनी पुढच्याच चालीत दोन गुण केले, की एका शिट्टीवर पाच गुणांची उलथापालथ झाली. शिवाय फाउल कोणाच्या तरी नावावर चढतोच. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू सामन्याबाहेर जातो, एनबीएत सहाव्याला. भारतातले सामने फिबाच्या नियमांनुसार होतात, त्यामुळे चार फाउल झालेला आपला सर्वांत उंच खेळाडू बास्केटखाली आडवा झाला, की प्रशिक्षकाचा जीव टांगणीला का लागतो ते कळेल.

जागा मिळवायची कशी

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत बॉल घेऊन धावायला बंदी होती. बॉल जिथे पकडला तिथूनच तो टाकायचा. खांद्याने ढकलणं, धरणं, पाय घालणं यांनाही मनाई होती. ज्याच्या हातात बॉल आहे तो जागचा हलतच नसेल, तर तो कोणावर जाऊन आदळण्याचा प्रश्न कमीच येतो. पुढे ड्रिबल आला, बॉल आपटत पळता येऊ लागलं, आणि पळणारा एक व त्याला अडवणारा दुसरा असे दोघे एकाच फरशीकडे धावू लागले. ती फरशी कोणाची, हे ठरवणं भाग पडलं.

नियमांनी दिलेलं उत्तर आपल्या एसटीतल्या रिवाजासारखं आहे. जो आधी पोचला त्याची जागा. मात्र इथे खिडकीतून रुमाल टाकून भागत नाही, स्वतः जाऊन बसावं लागतं. कोर्टवर प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं कल्पिलेलं आहे. पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत, दोन्ही बाजूंना हातपायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत. त्या नळकांड्यातली जमीन त्याची आणि त्यावरची हवाही त्याचीच. त्यामुळे बचावपटूने जागच्या जागी सरळ वर उडी मारली आणि आक्रमक त्याच्यावर येऊन आपटला, तर बचावपटूचा दोष नाही. त्याने हात पुढे झुकवून किंवा कंबर बाजूला काढून नळकांडं ओलांडलं, की दोष त्याचा.

ही जागा कायदेशीरपणे मिळवण्यासाठी बचावपटूला दोनच गोष्टी कराव्या लागतात. प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. बस्स. किती वेळ टेकवायचे? क्षणभर पुरे. नवख्या प्रेक्षकांना इथेच धक्का बसतो. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला थांबायला किंवा वळायला पुरेसा अवधी मिळाला का, हे रेफरीने बघायचंच नसतं. बॉल हातात आहे म्हणजे कोणीतरी केव्हाही समोर येणार, हे त्याने गृहीत धरायचं आणि त्या तयारीनेच पळायचं. समोरचा सेकंदाच्या एका अंशापूर्वी उभा राहिला असला तरी जागा त्याची.

बॉल नसलेल्या खेळाडूला मात्र नियम दया दाखवतो. तो बॉलकडे बघत, मान वळवून पळत असू शकतो. म्हणून त्याच्या वाटेत अगदी नाकासमोर उभं राहता येत नाही, त्याच्या वेगानुसार, पण किमान एका पावलाचं अंतर ठेवावं लागतं.

पाय सुटल्यानंतर

आता गाठीचा प्रश्न. आक्रमकाने उडी घेतली. हवेत असलेल्या माणसाला थांबता येत नाही, वळता येत नाही. त्यामुळे इथे नियमाची बाजू पालटते. ज्या क्षणी त्याचे पाय जमिनीवरून सुटले, त्या क्षणी त्याच्या पुढचा मार्ग आणि उतरण्याची जागा मोकळी असेल, तर ती त्याच्या नावावर राखीव होते. मघाशी रुमाल चालत नव्हता, इथे मात्र चालतो. नंतर कोणी तिथे घुसला, कितीही सरळ उभा राहिला आणि छातीवर कितीही जोराचा दणका खाल्ला, तरी फाउल घुसणाऱ्याचाच.

हे सांगायला सोपं आहे. पण जरा हिशेब मांडून बघा. एखादा खेळाडू उडीत साठ सेंटिमीटर वर जातो. गुरुत्वाकर्षणाच्या साध्या सूत्राने काढलं, तर वर पोचायला त्याला साधारण ०.३५ सेकंद लागतो. तो ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने येत असेल, तर एवढ्या वेळात तो जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे बचावपटू उडीच्या ‘आधी’ आला की ‘नंतर’, हे ठरवायला रेफरीकडे सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो, तोही दहा धडधाकट माणसांच्या गर्दीत. टीव्हीवर संथ गतीने पाच वेळा पाहून आपण त्याला शहाणपण शिकवतो तेव्हा हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

चौकट: हमखास ऐकू येणारे गैरसमज

‘तो हलत होता, म्हणजे ब्लॉकच.’ चूक. एकदा तोंड समोर आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जागा मिळवली, की बचावपटू ती राखण्यासाठी मागे किंवा बाजूला सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना एखादा पाय क्षणभर हवेत असला तरी हरकत नाही. फक्त आक्रमकाच्या दिशेने पुढे जायचं नाही.

‘त्याने अंग वळवलं.’ समोरून येणारा दणका सोसण्यासाठी आपल्या नळकांड्यात राहून अंग चोरायला परवानगी आहे.

‘तो पडला, म्हणजे चार्ज.’ पडण्याचा निर्णयाशी काहीही संबंध नाही. धडक धडावर झाली का, हे महत्त्वाचं. खांद्याला खांदा घासला किंवा बचावपटूच्या बाहेर काढलेल्या गुडघ्याला आक्रमक अडखळला, तर बचावपटूने समोरची जागा मिळवलेलीच नव्हती असा त्याचा अर्थ होतो.

‘धडक झाली म्हणजे कोणाचा तरी फाउल झालाच पाहिजे.’ नाही. किरकोळ स्पर्शाने कोणाचंच नुकसान झालं नसेल, तर शिट्टी न वाजवणं हाही निर्णय असतो.

सीमारेषा कोणत्या क्षणावर

जागा आधी मिळवायची हे सगळीकडे मान्य आहे. पण ‘आधी’ म्हणजे नेमक्या कोणत्या क्षणाच्या आधी? इथे नियमांची पुस्तकं वेगळी होतात, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच आहे.

फिबाच्या पुस्तकात तो क्षण पाय जमिनीवरून सुटण्याचा आहे. एनबीएत तो त्याच्या थोडा अलीकडे आणला आहे. शॉट मारण्यासाठी बॉल वर न्यायला खेळाडूने सुरुवात केली, की बचावपटूचं दार बंद. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलने २०२३-२४ च्या हंगामापासून आणखी वेगळी खूण धरली. उडी घेण्यासाठी आक्रमकाने पाय रोवला, त्या वेळी बचावपटू जागेवर असलाच पाहिजे. त्यानंतर पोचला आणि धडक झाली तर ब्लॉक द्यायचा.

हा खटाटोप कशासाठी? ‘पाय सुटण्यापूर्वी’ ही अट बचावपटूंना मोह पाडते. आक्रमक झेपेच्या बेतात असताना शेवटच्या क्षणी खाली घुसायचं, छाती पुढे करायची आणि पडायचं. बॉल अडवायचा प्रयत्नच नाही, फक्त देहाचं बलिदान. त्यात हवेत असलेल्या खेळाडूला मार लागण्याचा धोका मोठा. खूण जितकी अलीकडे ओढाल, तितकं बचावपटूला लवकर पोचावं लागतं आणि हा जुगार कमी होतो. पाय रोवण्याची खूण मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. बॉल नेमका कधी वर निघाला हे सांगणं कठीण, पण जमिनीवर रोवलेला पाय उघड्या डोळ्यांना दिसतो.

ड्युरंट आणि जेम्सच्या धडकेचं कोडंही इथेच सुटतं. एनबीएच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे रेफरींना रीप्ले उघडायला एक कारण लागत होतं. बास्केटखालच्या अर्धवर्तुळाच्या आत जेम्स होता की बाहेर, याबद्दलची शंका हे ते कारण. (त्याच्या आत उभ्या बचावपटूला चार्ज मिळत नाही, ते पुढे येईलच.) पडद्यावर दिसलं की जेम्स अर्धवर्तुळाच्या चांगला बाहेर होता. बहुतेकांना वाटलं, संपलं, चार्ज कायम. पण रीप्ले एकदा उघडला, की तो कायदेशीर जागेवर होता का हेही तपासायची मुभा रेफरींना होती. मुख्य रेफरी केन मॉअर यांनी सामन्यानंतर खुलासा केला, की ड्युरंटने शॉटची हालचाल सुरू केली तोवर जेम्स कायदेशीर जागेवर आलेला नव्हता. नियमाच्या शब्दांनुसार निर्णय योग्य दिशेने फिरला, असं माझं मत. रेषेची शंका म्हणून उघडलेल्या खिडकीतून भलत्याच प्रश्नाचं उत्तर काढलं, हे मात्र प्रेक्षकांच्या गळी उतरणं अवघडच होतं.

ते अर्धवर्तुळ कशाला

बास्केटच्या बरोबर खाली एक छोटी अर्धवर्तुळाकार रेषा असते. फिबाच्या कोर्टवर तिची त्रिज्या १.२५ मीटर आणि एनबीएत चार फूट, म्हणजे जवळजवळ तेवढीच. एनबीएने ती १९९७-९८ च्या हंगामात आणली, फिबाने २०१० मध्ये. आक्रमक बॉल घेऊन हवेत झेपावला असताना बचावपटूचा एक पाय जरी या अर्धवर्तुळाला लागलेला असेल, तर त्याला चार्ज मिळत नाही. आजच्या फिबा नियमात रेषाही अर्धवर्तुळातच धरली जाते.

कारण सरळ आहे. बास्केटच्या थेट खाली उभा राहणारा बचावपटू शॉट अडवू शकत नाही, तो फक्त धडक मिळवायला थांबलेला असतो. त्याच्या त्या थांबण्याला बक्षीस द्यायचं नाही, असं नियम म्हणतो. मात्र यामुळे आक्रमकाला मोकळं रान मिळत नाही. त्याने कोपर मारलं, हाताने ढकललं किंवा गुडघा पुढे काढला, तर अर्धवर्तुळाच्या आतही फाउल त्याचाच.

बॉल सोडा, बचावपटू पाहा

रेफरींना प्रशिक्षणात पहिला धडा मिळतो तो हा, की बॉलकडे बघू नका, बचावपटूकडे बघा. सामान्य प्रेक्षकाला हे उफराटं वाटतं. सगळा खेळ बॉलभोवती, आणि न्याय करणाऱ्याने त्याकडेच पाठ फिरवायची?

कारण डोळ्यांच्या यंत्रणेत आहे. नजर एका वस्तूवरून दुसरीवर न्यायची ठरवली, तरी डोळा प्रत्यक्ष हलायला साधारण ०.२ सेकंद जातो. आपला ताशी पंधरा किलोमीटरवाला खेळाडू एवढ्यात ऐंशी सेंटिमीटर पुढे सरकतो. बॉलवर नजर ठेवून बसलेला रेफरी बचावपटूकडे वळेपर्यंत धडक झालेली असते, आणि त्याला दिसतात ते फक्त दोन कोसळणारे देह. मग तो पडण्याच्या आवाजावरून अंदाज बांधतो. उलट जो आधीपासून बचावपटूच्या पायांकडे आणि छातीकडे बघतो आहे, त्याला तो जागेवर केव्हा आला हे माहीत असतं. आक्रमक तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात आपोआप येणारच, कारण तो तिकडेच धावत येतो आहे.

दुसरी गोष्ट उभं राहण्याच्या जागेची. आक्रमकाच्या बरोबर पाठीमागून पाहिलं तर त्याची पाठच सगळं झाकते. धडक छातीच्या मध्यभागी झाली की बाजूच्या खांद्यावर, हे कळत नाही. म्हणून दोन देहांच्या मधली फट दिसेल असा कोन रेफरीला शोधावा लागतो, आणि त्यासाठी दोन पावलं बाजूला सरकायचं. मोठ्या सामन्यांत तीन रेफरी असतात. बास्केटमागच्या रेषेवर उभा असतो तो लीड. बॉलवाल्याला सुरुवातीपासून अडवणारा बचावपटू ज्याच्या भागात असेल, तो रेफरी त्याला सांभाळतो. दुसऱ्या बाजूने मदतीला धावून येणाऱ्या बचावपटूवर लीडची नजर असते, आणि बहुतेक वादग्रस्त धडका होतात त्या या दुसऱ्या बचावपटूशीच. स्थानिक स्पर्धांत बऱ्याचदा दोनच रेफरी असतात. मग तिसऱ्याचा कोन कोणाकडेच नसतो, हे रेफरीला शिव्या घालण्यापूर्वी लक्षात घ्यावं.

तिसरी गोष्ट धीराची. खेळ सुरू होताना पाहायचा, घडताना पाहायचा, संपताना पाहायचा आणि मग शिट्टी फुंकायची. अनुभवी रेफरीची शिट्टी किंचित उशिरा येते ती यामुळे. शिट्टीनंतर मूठ वर, म्हणजे फाउल झाला. मग दोन्ही हात कमरेवर ठेवले तर ब्लॉक. फिबाच्या सामन्यात बंद मूठ उघड्या तळहातावर मारली तर चार्ज. इथेही एक खाच आहे. दोन कोनांतून दोन रेफरींनी एकाच वेळी शिट्टी मारली आणि एकाने हात कमरेवर ठेवले, दुसऱ्याने चार्ज दाखवला, तर? म्हणून शिस्त अशी, की दोन शिट्ट्या ऐकू आल्या तर फक्त मूठ वर ठेवायची, सहकाऱ्याकडे बघायचं आणि ज्याचा भाग असेल त्याला बोलू द्यायचं. ही शिस्त मोडली, की अमेरिकेतल्या शालेय सामन्यांच्या नियमांनुसार दोन्ही खेळाडूंवर फाउल लावण्याची हास्यास्पद पाळी येते.

पडण्याचा अभिनय

काही बचावपटू फुलाचा स्पर्श झाला तरी तोफेचा गोळा लागल्यासारखे उडतात. यावर एनबीएने २०१२ पासून दंड आकारायला सुरुवात केली, आणि २०२३-२४ पासून सामना चालू असतानाच टेक्निकल फाउल देऊन समोरच्या संघाला एक फ्री थ्रो द्यायचं ठरवलं. फिबाच्या नियमांतही अशा नाटकाला टेक्निकल फाउल आहे. एवढं करूनही हा अभिनय थांबलेला नाही, कारण थकलेला किंवा कोन चुकलेला रेफरी अजूनही पडण्याला पुरावा मानतो, आणि खेळाडूंना ते पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या शहरात पुढची स्पर्धा असेल तेव्हा मधल्या स्टँडमध्ये न बसता बास्केटच्या मागच्या बाजूला जागा धरा. एक पूर्ण क्वार्टर बॉलकडे बघू नका. मदतीला येणाऱ्या बचावपटूचे पाय आणि छाती एवढंच पाहा, आणि शिट्टी वाजण्याआधी मनातल्या मनात निर्णय देऊन टाका. पहिल्या काही धडकांना तुमचा आणि रेफरीचा निर्णय जुळणार नाही, मग हळूहळू जुळू लागेल. फक्त तेवढ्या वेळात बास्केट कोणी केलं, हे शेजारच्याला विचारावं लागेल.